बाराव्या प्रकरणातलं माझं वाक्य

शालन,

तुझ्या कादंबरीवर लेखी अभिप्राय देईन, असं मी तुला कबूल केलं होतं. बारा ओळींच्या वर लिहिणार नाही, असंही बजावलं होतं. तू म्हणालीस, "बारा तर बारा. पण दे बाई. तोंडी फार ऐकून घेतलं तुझं." ते राहून गेलं. तू गेल्याला आज चोवीस दिवस झाले. वाचनालयाची मंडळी तुझ्यावर स्मरणिका काढताहेत. तुझा स्वभाव, तुझं हसणं, वाडीच्या वाचनालयासाठी तू केलेली खटपट यावर बाकीचे लिहितील, त्यांना ते जमतं. मी कादंबरीवर लिहिते. पुढे ज्या दोघींची नावं येतील त्यांना विचारून लिहिते आहे.

मी रडले का, असं सगळे विचारतात. नाही रडले. मंचरच्या दवाखान्यातून तुला आणलं त्या सकाळी मी दुकान उघडलं होतं. दोघांना टोमॅटोवर फवारायचं औषध द्यायचं होतं. ते दिलं, शटर ओढलं आणि तुझ्या घरी आले. बायका मला धरायला पुढे झाल्या, मला धरायची गरज नव्हती. अजूनही नाही. दाढ काढून आल्यावर गाल जसा राहतो तसं आहे. आपलाच असतो, पण हात लावला तर कुणा दुसऱ्याचा वाटतो.

तर कादंबरी. आधी चांगलं सांगते.

'पोलचिट' हे नाव मला आवडलं नव्हतं. मतदाराचं नाव आणि यादीतला नंबर लिहिलेला तो कपटा, त्याचं कुणी पुस्तकाला नाव देतं का, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, "चौदा वर्षं दारोदार तेच वाटलं ना आपण? मग काय 'चांदणं' नाव देऊ?" तुझं बरोबर होतं. निवडणुकीच्या गोष्टीत एकतर भाषणं असतात, नाहीतर मारामाऱ्या. तुझ्या पुस्तकात चपला आहेत. अंगणात वीस जणींनी काढलेल्या चपला, त्यात उमेदवार बाईंची एक सापडत नाही आणि जीप खोळंबते. दिवसाला एकोणीस घरांचा चहा आहे. नको म्हटलं की ते घर गेलं, म्हणून तू घोटभर पिऊन उरलेला माझ्या कपात ओतायचीस आणि वर त्या घरच्या बाईला म्हणायचीस, "आमच्या रंजनाला तुमचा चहा लई आवडतो." मतदार यादीवरच्या आपल्या खुणा आहेत. टिक म्हणजे आपली, फुली म्हणजे त्यांची, गोल म्हणजे कुंपणावरची. साडेसहाला बिबट्याच्या धाकानं उसाकडच्या वस्त्या सोडून परत फिरायचं, आणि गोल मात्र नेमके तिकडेच जास्त. हे सगळं तू जसं होतं तसं लिहिलंस. वाचताना माझ्या पोटऱ्या दुखल्या.

आता चुका. पान एक्केचाळीसवर तुझी नायिका विहिरीच्या कडेला उभी राहून अर्धं पान मावळतीकडे बघते. मी समासात लिहिलं, "जीप थांबली आहे." तू ते वाचून इतकी हसलीस की वाचनालयात पेपर वाचत बसलेले दोघं वळून बघायला लागले.

"अगं, वाचकाला जरा दम नको?"

"वाचक बसूनच वाचतोय ना?"

अशा चुका सतरा निघाल्या. त्यातल्या अकरा तू मान्य केल्यास. राहिलेल्या सहांवर आपण भांडलो आणि ते भांडण मजेचं होतं. खरं भांडण अठराव्या खुणेवर झालं असतं, पण ती खूण मी केलीच नाही. पान एकशे अठरा, बारावं प्रकरण. तिथे पेन्सिल टेकवली आणि उचलली.

वाचणाऱ्यांसाठी आता मूळ घडलेलं सांगते. कादंबरीतलं नव्हे.

नऊ वर्षांपूर्वीची पंचायत समितीची निवडणूक. आळे आणि आपली वाडी तेव्हा एकाच गणात होती आणि जागा महिलांसाठी राखीव होती. आपल्याकडे प्रचाराचा एक जुना प्रकार आहे. ताटात खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान घेऊन घरोघर जायचं, मतदारानं तो हातात उचलून आपल्या उमेदवाराला मत देईन असा शब्द द्यायचा. कायद्यात हे बसत नाही, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. एकदा उचलला की उचलला. ज्यानं उचलायला लावला त्यानंच देवापुढे 'मोकळं केलं' असं म्हटलं तर सुटका, नाहीतर नाही. जुने कार्यकर्ते एक नियम पाळायचे. अर्ज माघारीचा दिवस उलटल्याशिवाय ताट बाहेर काढायचं नाही. समोर नक्की कोण उभं आहे ते कळू द्यायचं, मगच शब्द मागायचा.

मला घाई होती. कांद्याची काढणी तोंडावर आली होती, एकदा बायका रानात गेल्या की घरी कुणी सापडणार नव्हतं. मी म्हणाले, आत्ताच उरकून टाकू. तू म्हणालीस, "थांबू या का दोन दिवस?" मी म्हणाले, "थांबून काय होतंय?" तू ताट धरलंस. बोलायचं काम माझं.

हिराकाकू तेव्हा पासष्टीच्या होत्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. माहेर आळ्याचं. आठवड्यातून एकदा तिथे भावाकडे जेवायला जायच्या, आणि आल्या की काय जेवल्या ते चार घरी सांगायच्या. त्यांनी हसत भंडारा उचलला. "मला कोण उभं हाय अन् कोण बसलंय काय ठावं? तुमी म्हनताय तर तुमचीच बाई."

मग छाननीत समोरच्या मुख्य बाईंचा अर्ज बाद झाला. त्यांच्या बाजूनं एक डमी अर्ज भरून ठेवलेला होता, तसा सगळेच भरतात. ती डमी बाई खरी उमेदवार झाली. ती वैशाली, हिराकाकूंच्या भावाची सून.

काकू दुकानात आल्या. तू खताच्या गोण्यांवर बसून यादीवर खुणा करत होतीस.

"रंजना, मला मोकळी कर गं. भावाची सून हाय ती. मला काय म्हाईत व्हतं?"

मी माझ्या हातातल्या यादीतून मान वर केली नाही. म्हणाले, "काकू, भंडारा म्हणजे भंडारा. आज तुम्हाला सोडलं तर उद्या रांग लागेल."

हे माझं वाक्य. त्यानंतर काकूंनी तुझ्याकडे पाहिलं. तू पेनाला टोपण लावलंस, काढलंस, परत लावलंस. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

मतदान गुप्त असतं हे चिठ्ठी देताना आपणच त्यांना दरवेळी सांगायचो. त्या खोटं बोलू शकल्या असत्या, इकडे नाहीतर तिकडे. त्या तशाच चालत आळ्याला गेल्या आणि भावाला दारातून सांगितलं, "दादा, माझं मत तुझ्या घराला न्हाई. भंडारा उचललाय म्या." भाऊ म्हणाला, "मग ह्या घरचं अन्न तुला न्हाई."

आपली बाई निवडून आली. गुलालानं तुझी पांढरी साडी गेली. त्यानंतर हिराकाकू आळ्याला जेवल्या नाहीत. भाऊ वारला तेव्हा वाडीतल्या बायकांबरोबर गेल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि पाण्याचा घोटही न घेता परत आल्या. त्या दिवशी जीपमध्ये आपण दोघी त्यांच्या शेजारीच होतो.

आता बारावं प्रकरण. तुझी नायिका, जी कुणीही ओळखावी इतकी तू आहेस, यादीवर खुणा करता करता म्हातारीला म्हणते, "भंडारा म्हणजे भंडारा." आणि तिची मैत्रीण, बियाण्याचं दुकान चालवणारी, तिरसट, कुणीही ओळखावी इतकी मी, ती ताडकन उठते, म्हातारीचा हात धरून तिला खंडोबाच्या देवळात नेते आणि सगळ्यांसमोर 'मोकळं केलं' म्हणते.

मी पुस्तक घेऊन वाचनालयात आले. तू कपाटाला औषध मारत होतीस.

"हे माझं वाक्य आहे," मी म्हणाले.

"होतं."

"मग तुझ्या बाईच्या तोंडी कसं?"

"कादंबरी आहे रंजे, तुझं रेशनकार्ड नाही. नाव चुकलं म्हणून तहसीलला जाऊ नकोस."

"शालन, मी गंमत करत नाही."

मग तू फडकं खाली ठेवलंस. "तू बोललीस तरी. मी काय केलं? टोपण लावलं. ते कसं लिहू? गप्प बसणं पानावर दिसत नाही गं. तीनदा लिहून बघितलं. वाचणाऱ्याला वाटतं, ही बिचारी नुसती शेजारी होती. म्हणून तुझं वाक्य घेतलं. तेवढं मला पाहिजे होतं."

"आणि मला देवळात कशाला पाठवलंस?"

"तू गेली असतीस. काकू आणखी दोन मिनिटं उभ्या राहिल्या असत्या तर गेली असतीस."

"नसते गेले."

"गेली असतीस."

"मी नसते गेले. मला माहीत आहे ना मी कशी आहे."

"तुला नाही माहीत," तू म्हणालीस आणि परत कपाटाला औषध मारायला लागलीस.

हे भांडण आठ महिने चाललं. दुकानात, लग्नाच्या पंगतीत, आणे पठारावर तुझ्या सत्काराला गेलो तेव्हा बसच्या मागच्या सीटवर. दुसरी आवृत्ती काढलीस तर बारावं प्रकरण खरं लिही, एवढंच माझं म्हणणं. तुझं म्हणणं, खरंच लिहिलंय. शेवटचं फोनवर झालं. तू म्हणालीस, "गुरुवारी येते, समोरासमोर भांडू. फोनवर तुझा चेहरा दिसत नाही." बुधवारी तू गेलीस.

दर गुरुवारी दुपारी तू हिराकाकूंकडे जातेस हे मला माहीत होतं. डोळे अधू झालेत, सोबत म्हणून जात असशील असं मी धरून चालले होते. तू तिथे काय करतेस ते मला तुझ्या दहाव्यानंतर कळलं. काकूंनी निरोप धाडला, "रंजनाला म्हनावं, पुस्तक घिऊन ये. ऱ्हायलंय." तू त्यांना पुस्तक वाचून दाखवत होतीस. ज्या बाईची गोष्ट तिलाच.

मी गेले. कुठवर आलंय विचारलं.

"अकरावं. अकरावं दोनदा वाचलं तिनं. मी म्हनलं, हे झालंय की गं. तर म्हनली, परत ऐका काकू, चांगलं हाय."

म्हणजे बाराव्याच्या दारात तू दोन गुरुवार घुटमळलीस. आणि ते आता माझ्या हातात.

"शालन वाचायची तसं वाच. आवाज काढून."

"मला आवाज काढता येत नाहीत, काकू."

"मग कसं व्हायाचं? बरं, वाच."

मी वाचलं. खताच्या पिशवीवरची सूचना वाचावी तसं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नायिकेचं वाक्य वाचलं. मैत्रीण उठते ते वाचलं. देऊळ वाचलं. काकू पाय लांब करून भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"देवळातलं पुन्यांदा वाच."

वाचलं.

"ही बाई लई चांगली हाय. कुठली म्हनायची?"

"पुस्तकातली."

"तरीच," काकू म्हणाल्या.

त्या टोमणा मारत होत्या की खरंच विचारत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. मी पुस्तक मिटलं. म्हणाले, "काकू, मोकळं केलं."

"आता कुठलं विलेक्शन हाय?"

"कुठलंच नाही."

"मग?"

मी चपला घातल्या, गाडी काढली आणि सरळ आळ्याला गेले. वैशालीचं घर विचारावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी ते यादीत फुली मारून ठेवलेलं होतं.

वैशाली ओट्यावर लसूण सोलत होती. बस म्हणाली, मी उभ्यानंच बोलले. भंडारा मी उचलायला लावला, माघारीच्या आधी लावला, काकू सोडा म्हणायला आल्या तेव्हा मी सोडलं नाही. तीन वाक्यांत झालं. नऊ वर्षं लागायला नको होती.

वैशालीनं लसूण खाली ठेवला नाही. "ते ठावं हाय आमाला. शालनताई यिऊन गेल्या की दिवाळीच्या आधी."

"शालन? इथे?"

"हितंच बसल्या व्हत्या. म्हनल्या, उचलायला मीच लावला अन् सोडायला न्हाई बी मीच म्हनले. रंजनाताई तर सोडा म्हनत व्हत्या, मीच ऐकलं न्हाई."

"खोटं आहे ते. नाही मी म्हणाले. ती एक शब्दही बोलली नव्हती."

"त्या तर रडत सांगत व्हत्या."

"रडू दे. वाक्य माझं आहे."

वैशालीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "अवं, तुमी दोघींनी आधी ठरवून तरी यायचं. तवर आमी रागवायचं कुनावर?"

"आता ते ठरणार नाही," मी म्हणाले.

तेव्हा तिनं हातातला लसूण ठेवला. म्हणाली, "मी त्यांना म्हनलं व्हतं, आत्याला घिऊन या. सासरे गेले, त्यांचा राग त्यांच्यासंगं गेला. आमच्या पोरांना तर आत्याआजी ठाव बी न्हाई. तर त्या म्हनल्या, पुस्तक वाचून व्हऊ द्या. आत्यांना आधी समदं ऐकू द्या, मग मी सोता आनते."

शालन, चौदा वर्षांत कुंपणावरच्या घरी आपण एकमेकींशिवाय गेलो नाही. तूच म्हणायचीस, एकटीला माणूस टाळतो, दोघींना पाणी तरी देतो. त्या घरी मात्र तू एकटी गेलीस आणि मला सांगितलं नाहीस. मी नको म्हटलं असतं म्हणून? की मी आले असते तर तुला ते वाक्य घेता आलं नसतं म्हणून? यावर आपण सहज सहा महिने भांडलो असतो. परतीच्या वाटेवर मी मनात तुझी बाजूही मांडून पाहिली, पण तुझी उत्तरं माझ्यासारखीच यायला लागली. तेव्हा सोडून दिलं.

एक सांगते. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी खोटं बोललेलं नाही. आभार मानायचे तर कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून दुरुस्तीच करते. ते वाक्य शालनचं नाही, माझं आहे, हे या स्मरणिकेत छापून यावं. बारावं प्रकरण आहे तसं राहिलं तरी माझी आता तक्रार नाही. कादंबरी तुझी आहे.

पुढच्या सोमवारी मी रिक्षा केली आणि हिराकाकूंना आळ्याला नेलं. त्यांनी ट्रंकेतलं लुगडं काढलं होतं, घड्या पडलेल्या दिसत होत्या. फाटा ओलांडला. मग म्हणाल्या, "शालन यायची व्हती न्हाई का संगं?"

"हो."

"मग तू तरी नीट बस. कडंला कशापायी बसलीस?"

वैशालीनं दारात पाय धुवायला पाणी दिलं. काकू ओट्यावर बसल्या. पोरं येऊन पाया पडली, त्यांना कुणीतरी शिकवून ठेवलेलं होतं. मी परत सुरुवात केली की काकूंचा यात काही दोष नव्हता, वगैरे. काकूंनी मला मध्येच तोडलं.

"सूनबाई, ह्या दोघी किती दिस भांडत्यात, चूक कुनाची म्हनून. एक मेली तरी भांडान मिटंना. अगं, भंडारा म्या उचलला. मत बी म्याच दिलं. त्यात माझं काईच न्हाई व्हय?"

वैशाली आत गेली आणि ताटं घेऊन आली. तिनं मासवड्या केल्या होत्या. सकाळपासून लागली असणार, त्याशिवाय होत नाहीत.

इथे तू चार पानं लिहिली असतीस. रश्श्याची वाफ, पोरांचे चेहरे, सगळं. मला वर्णन जमत नाही. भिंतीवर भावाचा फोटो होता. काकूंनी घास हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मी त्यांच्या समोर बसले होते आणि या वेळी मान वर करून बघत होते.

वैशाली म्हणाली, "आत्या, निवतंय."

जेवल्या.